वऱ्हाडातून धक्क्यावर: नवख्या गळवाल्यांसाठी घरगुती मार्गदर्शन

तुम्ही गुरुकुंज मोझरीला राहता आणि तुम्हाला धक्क्यावरून मासे धरायचे आहेत. अभिनंदन! इच्छा झाली म्हणजे निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यात फक्त समुद्र, धक्का आणि मासे एवढंच येतं.

घाबरू नका. मोझरी अमरावती-नागपूर महामार्गावर आणि समुद्र तिथून सहा-सातशे किलोमीटरवर, ही तुमची जमेची बाजू आहे. मालवणच्या माणसाला दिवसभर गळ टाकून मासा मिळाला नाही तर जेटीवरची पोरंसुद्धा हसतात. मोझरीच्या माणसाला मासा मिळाला नाही तर कोण कशाला हसेल? तुमच्याकडून कोणाची काही अपेक्षाच नाही. इतक्या निवांत परिस्थितीत शिकायला मिळालेला गळवाला अख्ख्या कोकणपट्टीत सापडायचा नाही.

आणि ‘वऱ्हाडाचा आणि धक्क्याचा काय संबंध?’ असं कोणी विचारलंच, तर इतिहास काढा. मुंबईतला भाऊचा धक्का १८४१ चा, ससून डॉक १८७५ चा. ससून मंडळी कापसाच्या व्यापारातली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसापायीच, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. म्हणजे वऱ्हाडच्या कापसाने मुंबईचा धक्का दीडशे वर्षांपूर्वीच पाहून ठेवलाय. तुम्ही फक्त जरा उशिरा निघालात.

१. धक्का निवडा.

धक्क्याला तीन गोष्टी लागतात: खाली पाणी, उभं राहायला उंच जागा आणि मागे उभं राहून सल्ला देणारा एक माणूस. तिसरी गोष्ट वऱ्हाडात कुठेही मिळते. पहिल्या दोन शोधायच्या.

मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. नावातच सागर असल्यामुळे नातेवाइकांना फोनवर ‘सागरावर चाललो’ असं सांगता येतं आणि ते खोटंही ठरत नाही. धरणाला तेरा दरवाजे आहेत. तुम्ही त्यांतल्या एकाच्याही जवळ जायचं नाही. भिंतीवर तुम्हाला कोणी उभं करणार नाही आणि करूही नये. लांबचा काठ पकडा. पावसाळ्यात दरवाजे उघडले की नदीच्या पात्रातला काठही सोडा. त्या पाण्यापुढे बांबू आणि बहादुरी, दोन्हीचं काही चालत नाही.

दुसरा पर्याय कौंडण्यपूरचा. आपल्याच तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठी, रुक्मिणीचं माहेर. तिथे गळ घेऊन गेलात तर वारकरी मंडळी तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतील ती सोसायची तयारी ठेवा. घाटापासून लांब बसा, आणि एकादशीला तर घरीच बसा.

शेततळं वाईट नाही, पण त्याच्या तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. गळ त्या कागदात रुतला की बांबू असा काही वाकतो की हातात पाच किलोचा कटला आलाय असं वाटतं. जोर लावून ओढू नका. तो कटला शेजाऱ्याच्या अनुदानाचा आहे.

विहीर हा अगदी शेवटचा पर्याय. वरून पाहिलं तर तिच्यासारखा उभा धक्का नाही, हे खरं. पण विहिरीत गळ सोडून बसलेल्या माणसाची चौकशी लोक काळजीच्या सुरात करतात.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. धरण-तलावांत मासे धरण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने दिलेला असतो. मत्स्यबीज त्यांनी सोडलेलं, पैसे त्यांनी भरलेले. आधी त्यांना जाऊन विचारा. तुमचं सामान एकदा पाहिलं की ते बहुधा हसत हसत परवानगी देतील. अपमान वाटून घेऊ नका. या छंदात लेखी-तोंडी मिळालेली ती एकमेव मान्यता असते.

२. भरतीची वेळ काढा.

कोळी लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, मुंबईच्या किनाऱ्यावरच्या भरतीची वेळ साधारण हाती येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. पाणी चढत-उतरत असताना मासा खायला हिंडतो आणि पाणी थबकलं की तोही थबकतो, म्हणून हा सगळा हिशेब.

पंचांग तुमच्या घरी आहे. पाऊणकी येत नसेल तर आजीला विचारा, तिला सव्वाकी-दीडकीही येते. सगळं आहे, फक्त वर्धेला भरती येत नाही. तरीही हिशेब रोज करा. ‘आज पंचमी, पावणेचारला पाणी भरेल’ असं तिवशाच्या चहाच्या टपरीवर एकदा म्हणून पाहा. कोणी उलट प्रश्न विचारत नाही. जाणकार म्हणून तुमचं नाव त्याच दिवशी होतं.

खरं गोड्या पाण्याचं गणित असं: सकाळी उन्हाआधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. वऱ्हाडच्या मे महिन्यात दुपारी मासा खोल पाण्यात बसतो. अक्कल असलेला प्रत्येक जीव त्या वेळी सावलीत असतो. दुपारी काठावर उघड्यावर कोण बसलंय, ते पाण्यातूनही दिसत असावं.

संध्याकाळची वेळ मात्र मोझरीत अवघड. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी इथे आश्रम काढला, तेव्हापासून संध्याकाळ ही सामुदायिक प्रार्थनेची. गळ घेऊन बसलेला माणूस गैरहजर म्हणून ताबडतोब ध्यानात येतो. तेव्हा पहाट धरा. पहाटेही ध्यान असतं म्हणा. पण ‘मी तिकडे नदीवर ध्यानाला बसलो होतो’ हे उत्तर निदान दिसायला तरी बरोबर असतं: पाठ ताठ, नजर एका जागी, तोंडातून शब्द नाही, आणि फळाची अपेक्षा करावी तर फळही नाही.

३. बांबू.

बाजारातली फायबरची काठी आणि चकचकीत रीळ घेऊ नका. ती घेतली की मासा का मिळाला नाही याचं कारण सांगायला काही उरत नाही. घरगुती काठी बनवा, म्हणजे दोष कायम काठीत राहील.

बुरडाकडून हिरवट, बारीक पेरांचा, तुमच्या उंचीच्या दुप्पट बांबू आणा. सावलीत टांगून वाळवा. उन्हात वाळवला तर तडकतो. वाकडा असेल तर तेलाचा हात फिरवून मंद आचेवर शेका आणि गरम असतानाच गुडघ्यावर सरळ करा. दोरा ओवायच्या कड्या म्हणून सेफ्टी पिना घ्या. पिनेच्या टोकाला जो गोल वेढा असतो तोच कडीचं काम करतो. पीन कापून बांबूवर ठेवा, शिवणाच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळा, वरून एम-सील लावा. कड्या शेंड्याकडे जवळजवळ आणि बुंध्याकडे लांबलांब. उत्तम काम होतं, हे मी गंभीरपणे सांगतोय.

फक्त पिना कुठून घेतल्या ते घरी कळू देऊ नका. एखाद्या लग्नाला निघायच्या अर्ध्या तास आधी साडीच्या पदरासाठी पीन सापडत नाही, तेव्हा घराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या बांबूकडे सगळ्यांची नजर एकदमच जाते.

आणि बारा फुटांचा बांबू एसटीत नेता येत नाही. वाहकाशी वाद घालू नका. कोणत्याही नियमाचा आधार न घेताही त्याचं बरोबर असतं.

४. रीळ.

इथे पैसा वाचवायचा खरा वाव आहे. पाण्याची किंवा सरबताची जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या, कमरेला खाच असलेली. दोऱ्याचं एक टोक तिला बांधा आणि पंचवीस-तीस मीटर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, सारखा गुंडाळा. फेकताना बाटलीचं तोंड पाण्याकडे करा आणि दुसऱ्या हाताने वजन गरागरा फिरवून सोडा. दोरा बाटलीवरून आपोआप सुटत जातो. जगभरच्या बंदरांवर पोरं-म्हातारे असंच फेकतात. याला बांबूसुद्धा लागत नाही.

हे वाक्य तुम्ही तिसऱ्या पायरीआधी वाचायला हवं होतं.

५. वजन.

दुकानात शिशाच्या गोळ्या मिळतात. पण शिसं विषारी असतं आणि दर फेकीला एक दगडांत अडकून जातं. म्हणून जुना स्पार्क प्लग वापरा. मेकॅनिककडे वापरलेल्या प्लगांचा डबा भरलेला असतो, तो आनंदाने देतो. एका टोकाला खाच असते, दोरा नीट बसतो. जुना प्लग असं मुद्दाम लिहिलंय. बाबांच्या गाडीतला काढलेला प्लग त्यांच्या दृष्टीने जुना नसतो, आणि हे त्यांना सकाळी शाळेच्या वेळेला कळतं.

आता खरी युक्ती. वजन मुख्य दोऱ्याला थेट बांधू नका. मध्ये एक वीतभर साधा सुती दोरा ठेवा. खाली खडकात प्लग रुतला की जोर दिल्यावर सुती दोरा तुटतो, प्लग जातो आणि गळ, तंगूस, मासा शाबूत राहतो. वऱ्हाडचा कापूस इथे पुन्हा कामाला येतो, आणि या वेळी तुटणं हेच त्याचं काम असल्यामुळे भावाची तक्रार नाही.

६. तरंगणारं आणि वाजणारं.

तरंड म्हणून जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापा, मध्ये सुईने भोक पाडा, काडी खोचून दोरा अडकवा. वरचा भाग लाल रंगवा म्हणजे लांबून दिसतो. चप्पल एकच कापा असं कुठेही सांगितलेलं नाही. पण दोन्ही पायांच्या कापल्यात तर घरी परतताना रस्ता तापलेला असतो.

मासा लागला हे कळायला शहरी लोक बॅटरीवरची घंटी लावतात. तुमच्याकडे पोळ्याचं साहित्य आहे. बैलाच्या गळ्यातल्या माळेतलं एक घुंगरू सोडवून बांबूच्या शेंड्याला बांधा. मासा ओढेल, घुंगरू वाजेल. वाराही ओढेल, घुंगरू वाजेल. वर्धेच्या काठी वारा दिवसभर असतो, त्यामुळे पहिल्या तासातच तुम्ही इतक्या वेळा उठाल की रात्रपाळीच्या चौकीदारालाही तुमची दया येईल. काठावरून जाणारे म्हातारे थांबून मागे वळून पाहतील. ‘कोनाचे बैल सुटले गा?’

पोळ्याच्या आत घुंगरू जागेवर लावून ठेवा. बैल काही म्हणत नाही. पोट्टे म्हणतात.

७. आमिष.

या विषयावर आपल्याकडे राजाने लिहून ठेवलंय. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११३० च्या सुमारासचा. राजाने काय खावं, कसं राज्य करावं, हत्ती कसे पाळावेत, अशा अनेक गोष्टींबरोबर त्यात मत्स्यविनोद म्हणून गळाने मासे धरण्याचा स्वतंत्र भाग आहे. माशांचे प्रकार, कोणाला काय चारावं, चारून त्यांना एका जागी कसं जमवावं, सगळं त्यात आहे. इंग्रज मंडळी ज्या आयझॅक वॉल्टनला या छंदाचा आद्य गुरू मानतात त्याचं पुस्तक १६५३ चं. म्हणजे आपण पाचशे वर्षं पुढे होतो. हे वाक्य सभेत टाळ्या घेतं. मासा मात्र दोघांच्याही पुस्तकाला लागत नाही.

सोमेश्वराची मूळ कल्पना आजही चालते: आधी चारा, मग धरा. आदल्या संध्याकाळी सरकीची ढेप भिजत घाला, सकाळी तिचे लाडू वळून ठरलेल्या जागी पाण्यात टाका. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या पाण्यात, दोघेही जमतात. मग गळाला कणकेची गोळी लावा. तिच्यात थोडी ढेप, थोडी हळद आणि धागा-धागा केलेला कापूस मळा, म्हणजे गोळी पाण्यात विरघळत नाही. कापूस, तिसऱ्यांदा. चिलापीला यातलं काहीच लागत नाही, ती कशालाही येते. मरळ शिकारी आहे, तिला कणीक दाखवली तर ती अपमान समजते. तिला बेडूक किंवा छोटा जिवंत मासा लागतो. आणि ज्याच्याकडे छोटा जिवंत मासा आहे त्याला तुमच्या या मार्गदर्शनाची गरज नाही.

ढेप गोठ्यातून घेताना म्हशीच्या समोरून घेऊ नका. दुधाचं माप दुसऱ्या दिवशी कमी भरलं, तर त्याचं खापर कोणावर फुटायचं ते घरात आधीच ठरलेलं असतं.

फवारणीचा पंप, डबा, नळी किंवा औषधाची रिकामी बाटली यांतलं काहीही, कितीही वेळा धुतलं तरी, मासे, आमिष किंवा दोरा ठेवायला वापरू नका. या कलमाला कुठलाही विनोद जोडलेला नाही.

८. गाठ.

दोरा गळाच्या नेढ्यातून काढा, स्वतःभोवतीच पाच वेढे द्या, टोक नेढ्याजवळच्या पहिल्या फासातून घाला, मग नव्याने तयार झालेल्या मोठ्या फासातून. आवळण्याआधी थुंकीने ओलं करा. कोरडा तंगूस घासून तापतो आणि तिथेच कच्चा होतो. गळ विकत घेताना एवढं लक्षात ठेवा की नंबर वाढला की गळ लहान होतो. दुकानदाराला ‘सगळ्यात मोठा नंबर द्या’ म्हणालात, तर तो तुम्हाला मिशीत अडकवण्याइतका गळ देईल.

अडकलाच मिशीत किंवा बोटात, तर उलट्या काट्यामुळे ओढून निघत नाही. तिवशाच्या दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. रांगेतले लोक विचारतील, सांगावं लागेल. मोझरीच्या माणसाने मासेमारीत जखमी होणं ही तालुक्यात बरेच दिवस पुरणारी गोष्ट आहे.

९. सायकलची रिम.

धक्क्यावरची खरी अडचण मासा लागल्यावर सुरू होते. तुम्ही वर, मासा खाली. पाण्यात त्याचं वजन पाणी तोलून धरतं, हवेत आला की सगळा भार दोऱ्यावर येतो आणि नेमका हातभर अंतरावर दोरा तुटतो. म्हणून खालून झेलायला जाळी लागते. सायकलची जुनी रिम घ्या, आरे काढून टाका, तिला जुन्या मच्छरदाणीची किंवा जाळीची झोळी शिवा, तीन बाजूंनी दोऱ्या बांधून वर एकत्र गाठ मारा आणि विहिरीच्या दोराने खाली सोडा. मासा तिच्यावर आणा, मग ओढा रिम. हीच रिम मध्ये माशाचं डोकं बांधून सोडली आणि अधूनमधून वर ओढली तर खाऱ्या पाण्यात चिंबोऱ्याही येतात. एवढी सोपी आणि एवढी उपयोगी वस्तू या छंदात दुसरी नाही.

काढलेले आरे फेकू नका. वाकवले तर त्यांचे चांगले आकडे होतात. मच्छरदाणीचं मात्र नीट सांगून ठेवा. पावसाळ्यात वर्धेकाठच्या डासांना ती कुठे गेली हे सर्वांत आधी कळतं.

या टप्प्यावर थांबून खर्चाचा हिशेब करा. बांबू, एम-सील, तंगूस, सायकल, मच्छरदाणी, चपला, ढेप, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि बाबांच्या गाडीचा मेकॅनिक. एवढ्यात बाजारातली तयार काठी दोनदा आली असती. पण ती घरगुती नसती.

१०. फेका.

मागे पाहा, मग फेका. मागे सल्ला देणारा माणूस उभा असतो.

११. आता बसा.

रात्रीचं बसायचं असेल तर शेतात ओलिताला वापरता तोच डोक्याचा दिवा घ्या. खरं म्हणजे वऱ्हाडचा शेतकरी या कलेत जन्मजात तयार आहे. आठवड्यातले काही दिवस कृषिपंपाला लाइन रात्रीच येते, म्हणून तो काळोखात, पाण्याच्या काठी, डोक्याला दिवा बांधून, सापाकिरड्यावर नजर ठेवून, काहीतरी येईल याची वाट पाहत बसलेला असतोच. फरक एवढाच की तो वीज कंपनीला शिव्या देतो आणि छंदी माणूस यालाच शांती म्हणतो, वर तिच्यासाठी शहरातून पेट्रोल जाळून येतो.

वाट पाहताना लोक येतील. उत्तरं तयार ठेवा.

‘काय करून राह्यले भाऊ?’ याला उत्तर देऊ नका. पाण्याकडे बोट दाखवा.

‘लागला का काही?’ याला ‘आत्ताच एक सुटला’ एवढंच. कधी सुटला, केवढा होता, हे त्यालाच विचारू द्या.

‘जयगुरू! तुमी इथं?’ असं ओळखीच्या प्रार्थनेच्या मंडळींपैकी कोणी म्हणालं, तर उभं राहा, हात जोडा आणि लगेच सांगा की आपण मासा धरून परत पाण्यात सोडतो, मारत नाही. हे तुमच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. एकही मासा तुमच्या हातून मेलेला नाही. अहिंसेचा असा निष्कलंक हिशेब फार थोड्या मासेमारांना दाखवता येतो.

आणि एखादा भोई दादा शेजारी येऊन बसला, नुसत्या काडीला दोरा बांधून त्याने पाव तासात चार मासे काढले, तर त्याच्याकडे पाहू नका. पाहिलंत तर विचारावंसं वाटेल. विचारलंत तर तो सांगेल. त्याने सांगितलं की तुमची एक ते नऊ कलमं रद्द होतात. तो पिढ्यानपिढ्या त्या पाण्याला ओळखतो: कुठे गाळ, कुठे खडक, कोणत्या वाऱ्याला मासा कोणत्या काठाला लागतो. ही विद्या एम-सीलने चिकटवता येत नाही.

१२. चुकून मासा लागला तर.

हा प्रसंग येण्याची शक्यता कमी, पण तयारी असावी. आधी खात्री करा की घुंगरू वाऱ्याने वाजत नाहीये. मग ओरडू नका. दोरा सैल सोडू नका आणि खेचूही नका, त्याला दमू द्या. बांबू उभा धरा, म्हणजे धक्के बांबू सोसतो, दोरा नाही. रिम खाली सोडा. ओला हात करूनच माशाला धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडलेला मासाही मग जगत नाही. मिशाळ मासा असेल तर हातात घेऊच नका. गोड्या पाण्यातली शिंगी असो की समुद्रातला शिंगाळा, त्यांच्या परांचे काटे विषारी असतात. फडक्यात धरा, पक्कडीने गळ काढा.

मग फोटो. हात पूर्ण लांब करून मासा कॅमेऱ्याजवळ आणा आणि स्वतः मागे राहा. वीतभर चिलापी या पद्धतीने सहज हातभर होते. मागे दगड, माणूस, चप्पल असं मोजमाप कळेल असं काही येऊ देऊ नका.

१३. नाहीच लागला तर.

परतताना बाजारात थांबा. मासे विकणाऱ्या मावशी चौकशी करत नाहीत, त्यांनी तुमच्यासारखे पुष्कळ पाहिलेत. ‘साफ करून देऊ का अखंडच पाह्यजे, भाऊ?’ या प्रश्नातच त्यांना सगळं कळलेलं असतं. अखंडच घ्या. फक्त बर्फ झटकून टाका, आणि कटला-रोहू नीट निवडा: विदर्भाच्या बाजारात आंध्रच्या तळ्यांतला मासा ट्रकने बर्फात येतो. आंध्रचा मासा वर्धेच्या पाण्यातून वर काढल्याचं सांगताना चेहरा सरळ ठेवावा लागतो.

मोझरीत आपल्याच घरी तो शिजवता येईल का, हा प्रश्न तुमचा. बहुतेकांना तेव्हाच आठवतं की घरात माळकरी आजी आहे आणि या सगळ्या उद्योगातला मासा कोणी खाणारच नव्हतं. मित्राला देऊन टाका. पातेलंही त्याचंच वापरा.

१४. खरा धक्का.

आता अमरावती एक्सप्रेसचं तिकीट काढा, रात्री निघा, सकाळी मुंबई. बांबू घरी ठेवा, बाटली खिशात घाला. जून-जुलै टाळा. त्या दोन महिन्यांत मासेमारी बंदी असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि लाटा धक्क्यावर येतात. भाऊच्या धक्क्यावर पहाटे लिलाव चालतो तेव्हा मध्ये उभं राहू नका. टोपल्या घेतलेल्या कोळणी थांबत नाहीत आणि तुम्ही वऱ्हाडातून आलात याचं त्यांना काही कौतुक नाही. गळ टाकायचाच असेल तर कोकणातल्या एखाद्या छोट्या जेटीवर जा, बंदराच्या माणसाला विचारून. नशीब असेल तर बोय, गोब्रा, तांबोशी. राज्याचा मासा म्हणून २०२३ साली पापलेटला मान मिळाला, पण गळाला त्याची वाट पाहू नका. तो जाळ्याने येतो आणि ताटात येईपर्यंत त्याचा भाव तुमच्या तिकिटापुढे गेलेला असतो.

तिथे तिथीची पाऊणपट मात्र मनातल्या मनात करा. तिथे लोकांना ती खरोखर येते.

१५. शिष्य करा.

मासा एकही न धरता एवढं सामान, इतिहास आणि सबबी जमवलेल्या माणसाला तज्ज्ञ म्हणतात. तुम्ही आता तिथे पोचलात. बादली उचलायला आणि मागे उभं राहून सल्ला ऐकायला एक होतकरू पोट्टा शोधा. तो हुशार नसावा, भोयाच्या घरचा तर नसावाच, आणि त्याचा बांबू तुमच्यापेक्षा लांब नसावा. पहिल्या दिवशी त्याला काही शिकवू नका. फक्त घरी कोणकोणत्या वस्तू आहेत त्याची यादी करायला सांगा: जुन्या चपला, सेफ्टी पिना, घुंगराची माळ, मच्छरदाणी. आणि सायकल आहे का ते आवर्जून विचारा, कारण तुमच्या घरी आता कोणी तुम्हाला सायकलला हात लावू देत नाही.